पंचाला दिसलं नाही तर?

खेळ म्हटला की हारजीत आलीच. पण खरं खेळणं कशाला म्हणायचं, यावर आमच्या वर्गात दोन दिवस वाद चालू आहे. कारण गुरुजींनी सांगितलेली एक हकिगत.

फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंडचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना झाला. आपले कप्तान होते गुंडप्पा विश्वनाथ. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत तंबूत परतले होते. पुढे बॉब टेलर यष्टीमागे झेलबाद म्हणून पंचांनी बोट वर केलं. पण स्लिपमध्ये उभ्या विश्वनाथांना वाटलं, चेंडू बॅटला लागलेलाच नाही. त्यांनी पंचांना विनंती करून टेलरला परत खेळायला बोलावलं. मग टेलर आणि बोथम यांनी मिळून १७१ धावा जोडल्या आणि आपण १० गडी राखून हरलो!

माझा मित्र म्हणतो, "पंचानं आउट देल्लं होतं ना? मंग वापस काऊन बोलावलं?" त्याचंही अगदीच खोटं नाही. हरणं कोणाला आवडतं? पण विश्वनाथांना जे दिसलं, ते न दिसल्यासारखं त्यांनी कसं करायचं?

मधल्या सुट्टीत आमच्या कबड्डीला तर पंचच नसतो. चढाईवाल्याचं बोट निसटतं लागलं, तर ज्याला लागलं त्यालाच कळतं. आमच्यात एक मुलगी आहे (नाव लिहिलं तर रागावेल). लागलं की ती आपणहून बाहेर जाते. म्हणून ती "नाही लागलं" म्हणाली, की कोणी भांडत नाही. बाकीच्यांच्या वेळी निम्मी सुट्टी भांडणातच जाते.

माझ्या मामाच्या गावी उन्हाळ्यात टँकर येतो. आजी नंबरासाठी रांगेत दगड ठेवते. एकदा कोणीतरी तो दगडच सरकवला. सगळ्या बाया गप्प. पण मागच्या एका मावशीनं ते पाहिलं होतं. ती म्हणाली, "म्हातारीचा नंबर माह्या पुढं व्हता," आणि तिनं आजीला पुढं उभं केलं. आजीचे दोन हंडे भरले. मावशीची पाळी आली, तेव्हा टँकरात तळाचं गढूळ पाणी उरलं होतं. तिनं ते फडक्यानं गाळून नेलं.

— इयत्ता ७ वी