टाळी आणि ताळेबंद

नाटक मंडळी ही एका अर्थाने पेढीच असते. तिला भांडवल लागते, माणसे सांभाळावी लागतात, गावोगावचे मुक्काम, रेल्वेभाडे, भोजनखर्च यांतून तिची सुटका नसते आणि रात्रीच्या तिकीटविक्रीची रक्कम रोजकीर्दीत लिहावीच लागते. माल तेवढा निराळा. तो गोदामात ठेवता येत नाही. प्रयोग संपला की माल संपला. अशा पेढीने आणि तिच्या मुख्य कलावंताने अनुभवातून शिकायचे कसे, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांनाही परका नाही.

संघटना कशा शिकतात, या विषयावर क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ साली महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. त्यांनी शिकण्याचे दोन प्रकार मानले. मराठीत त्यांना एकेरी आणि दुहेरी शिक्षण म्हणता येईल. खोलीचे तापमान ठरावीक अंशावर राखणारे यंत्र हे आर्गिरिस यांचे आवडते उदाहरण. खोली थंड झाली की यंत्र उष्णता सुरू करते, पुरेशी तापली की बंद करते. हे एकेरी शिक्षण. ठरवून दिलेला अंशच योग्य आहे का, असा प्रश्न यंत्राला पडत नाही. तो ज्याला पडतो तो दुहेरी शिकतो. कापडाच्या दुकानात विक्री घटल्यावर सवलत देणे, उधारीची मुदत वाढवणे, मांडणी बदलणे हे पहिल्या प्रकारात येते. हे कापड लोक आता वापरतात का, असे विचारणे दुसऱ्या प्रकारात येते.

मराठी रंगभूमीवर या सिद्धांताची कसोटी पाहायची तर नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण. १८८८ साली जन्मलेला हा कलावंत १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आला. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढे हे दोघेही मंडळीतून बाहेर पडले आणि सारा भार एकट्याच्या खांद्यावर आला. १९१६ चे ‘स्वयंवर’, १९१९ चे ‘एकच प्याला’ अशी एकाहून एक सरस नाटके रंगली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’च्या प्रयोगात केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. कीर्तीचे शिखर म्हणावे असाच तो काळ होता.

त्याच काळात मंडळी कर्जात बुडालेली होती. भरजरी वस्त्रे, अस्सल अत्तरे, उत्तमोत्तम साथीदार यांत बालगंधर्वांनी कधी हात आखडला नाही. मात्र कर्जाचा आकडा समोर आल्यावर हा माणूस डगमगला नाही. प्रयोगामागून प्रयोग करून त्यांनी ते कर्ज फेडले. व्यापारी समाजाने या सचोटीपुढे आदराने मान लवावी. देणे बुडवू नये, हा संस्कार त्यांनी गळ्याच्या बळावर पाळला.

पण सिद्धांताच्या दृष्टीने पाहता हे शिक्षण एकेरी होते. कर्ज झाले तर अधिक प्रयोग करावेत, हा धडा मिळाला. मंडळी एकाच गळ्यावर आणि एकाच रूपावर उभी असावी का, पुरुषाने नायिका साकारण्याची रीत किती काळ टिकेल, हे प्रश्न तेव्हा ऐरणीवर आले नाहीत. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ने पडद्यावर मराठी बोलायला सुरुवात केली. त्या वेळी बालगंधर्वांनी चाळिशी ओलांडली होती. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली; पण समोर रसिक नसलेल्या त्या दुनियेत ते रमले नाहीत आणि रंगभूमीकडे परतले. पुढे गोहर कर्नाटकी मंडळीत आल्या आणि नायिकेच्या भूमिका स्त्रीकडे गेल्या. तोवर प्रेक्षकांची एक पिढी चित्रपटगृहाकडे वळली होती.

इतक्या बुद्धिमान कलावंताला हे आधी का उमगले नसावे? याचे एक उत्तर टाळीत आहे. बालगंधर्व प्रेक्षकांना मायबाप मानीत आणि त्या मायबापांचा ‘वन्समोअर’ हाच त्यांचा ताळेबंद होता. परंतु टाळी वाजवतो तो नाट्यगृहात आलेला माणूस. जो आलाच नाही, त्याची टाळी कुठेच नोंदली जात नाही. दुकानातही जुने गिऱ्हाईक मालाची स्तुती करते. येणे बंद केलेले गिऱ्हाईक तक्रारसुद्धा करीत नाही. त्यामुळे गल्ला उणा होऊ लागतो तेव्हाही कानावर स्तुतीच पडत राहते. १९९१ मध्ये आर्गिरिस यांनी आणखी एक मार्मिक निरीक्षण मांडले. सतत यश मिळवणाऱ्या हुशार माणसांना अपयशातून शिकण्याचा सरावच नसतो, असे त्याचे सार. ज्याला आयुष्यभर टाळीच मिळाली, त्याला शांततेचा अर्थ लावणे अवघड जाते.

समकालीनांपैकी काहींनी वेगळे प्रश्न विचारले. केशवराव भोसले १९२१ मध्येच निवर्तले. त्यानंतर बापूराव पेंढारकरांनी ललितकलादर्श सावरली, मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ १९२२ मध्ये आणले आणि समकालीन सामाजिक विषयांना जागा दिली. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. त्यात गाणी मोजकी होती आणि स्त्रीभूमिकेत ज्योत्स्ना भोळे होत्या. तरीही नाट्यमन्वंतर अल्पायुषीच ठरली. म्हणजे योग्य प्रश्न विचारला की यश हमखास मिळते, असेही नाही. आणि बालगंधर्वांचा स्वर आजही मैफलीत आदर्श मानला जातो, हेही विसरता येत नाही. पेढीचा हिशेब आणि कलेचा हिशेब यांची बेरीज एकाच रकान्यात होत नाही. येथे अनेकान्ताची दृष्टीच उपयोगी पडते.

जैन परंपरेला ही दुहेरी तपासणी नवी नाही. प्रतिक्रमणात श्रावक दिवसाचे, पक्षाचे, चातुर्मासाचे आणि वर्षाचे दोष आठवतो. ती आचरणाची उजळणी होय. पण रत्नत्रयात चारित्र तिसरे आहे. पहिले स्थान सम्यक् दर्शनाचे आहे. दृष्टीच सदोष असेल तर आचरणातली प्रत्येक दुरुस्ती त्याच चुकीच्या वाटेवर अधिक नेटाने चालवते. आर्गिरिस यांचे यंत्र चारित्र सुधारते. दर्शन तपासणे त्याच्या आवाक्यात नाही.

आज अनेक व्यापारी घरांतील मुले-मुली नृत्य, गायन, अभिनय यांकडे वळत आहेत. मिळकत किती, एवढाच प्रश्न घरातील वडीलधारे विचारतात. मुले कौतुकाचे आकडे दाखवतात. दोन्ही हिशेब एकेरी आहेत. वहीपूजनाच्या दिवशी घरातल्या कलावंतानेही आपली वही मांडावी आणि वडिलांनी ती आस्थेने वाचावी. वर्षभरात कोणता जुना प्रेक्षक यायचा थांबला? जे उत्तम जमते ते सोडून यंदा नवे काय शिकले? आपल्यावाचून हे काम चालू राहील असे कोणाला घडवले? आणि मुळात ही कला कशासाठी हाती घेतली होती, ते कारण अजून तेच आहे का? मुलांना हे प्रश्न विचारताना वडिलांनी स्वतःच्या दुकानालाही तेच विचारले, तर त्या दिवशी घरात दोन पेढ्यांचा ताळेबंद एकदम तपासला जाईल.