काउंटरचा आकडा खरा कशावरून?

संपादकांनी सर्वांना समजेल असं लिहायला सांगितलं आहे. प्रयत्न करतो, पण या विषयातली गोम तांत्रिकच आहे, आणि ती न कळल्यामुळे भोसरीतल्या एका प्रेसशॉपमध्ये नुकताच एका ऑपरेटरवर आळ आला. प्रेसचे ठोके मोजणाऱ्या काउंटरचा आकडा आणि पेटीतले तयार जॉब जुळत नव्हते. मालकांना वाटलं, माणूस माल लंपास करतो. प्रत्येक ठोक्याला दाबल्या जाणाऱ्या लिमिट स्विचची वायर मी स्कोपला लावून दाखवली. काउंटर मधूनच एका ठोक्याचे दोन मोजत होता. आळ गेला, पण मला अजून चैन नाही. असे काउंटर शेकडो मशीनांवर बसलेले आहेत.

लोकांना कौतुक काउंटरवर पेटणाऱ्या लाल आकड्यांचं. ते काम सोपं आहे. सात पट्ट्यांचे चार आकडे वेगवेगळे जोडले तर काउंटरमधल्या चिपच्या, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या, २८ पिना लागतात. म्हणून पट्ट्यांच्या सात वायरी समाईक ठेवायच्या आणि प्रत्येक आकड्याला एक ट्रान्झिस्टर द्यायचा. ११ पिनांत भागतं. एका वेळी एकच आकडा दोन मिलिसेकंद पेटतो, पण सेकंदाला १२५ फेऱ्या होत असल्यानं डोळ्यांना चारही स्थिर दिसतात. डिप्लोमाचा विद्यार्थी हे चटकन शिकतो.

अवघड आहे ते मोजणं. स्विचमधल्या धातूच्या पट्ट्या आदळल्या की काही मिलिसेकंद थरथरतात. १६ मेगाहर्ट्झवर चालणारा मायक्रोकंट्रोलर तेवढ्यात हजारो सूचना पार पाडतो. त्याच्या लेखी प्रत्येक थरथर म्हणजे नवा ठोका. आमच्यासारखे काउंटर बनवणारे बरेच जण स्विचवर कपॅसिटर टाकतात, सिग्नल थेट इंटरप्टला (सिग्नल बदलताच हातातलं काम थांबवून मोजायला लावणाऱ्या सोयीला) देतात आणि हात झटकतात. मला हे मुळीच मान्य नाही. शेजारच्या मोटरचा कॉन्टॅक्टर सुटला की वायरीवर आलेला स्पाइकसुद्धा इंटरप्ट ठोका म्हणून मोजू शकतो. त्यापेक्षा दर मिलिसेकंदाला पिन वाचावी आणि सलग २० वेळा तेच उत्तर आलं तरच ते खरं मानावं. दाबल्याची जशी खात्री करायची, तशी सुटल्याचीही. मगच पुढचा ठोका. मिनिटाला ६० ठोके मारणाऱ्या प्रेसला २० मिलिसेकंदांचा काहीच अडसर होत नाही.

दुसरं दुखणं लाइट जाण्याचं. आकडा टिकावा म्हणून काही जण प्रत्येक ठोक्याला तो ईईप्रॉमच्या, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीच्या, त्याच जागेवर लिहितात. एटीमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये त्या मेमरीला १ लाख वेळा लिहिण्याची हमी आहे. मिनिटाला ६० ठोक्यांच्या त्या प्रेसचे आठ तासांचे ठोके होतात २८,८००. म्हणजे चौथ्या पाळीतच हमी संपली! त्यापेक्षा लाइट जाताना रेग्युलेटरआधीचं व्होल्टेज घसरू लागलेलं ओळखून तेव्हाच एकदा लिहावं. पुरेसा मोठा कपॅसिटर बसवला तर चिप तेवढा वेळ तग धरते.

कारखानदारांना माझी विनंती आहे. नवा काउंटर बसवलात की शेजारची मोटर चालू-बंद करत शंभर ठोके हातानं मोजून पाहा, मध्येच मेन स्विचही पाडा. आकडा जुळला, तरच त्यावर कुणाची मजुरी ठरवा.