चुकलेली शीर्षके पुसू नका

मराठी विकिपीडियावर माझा बराचसा वेळ शीर्षके सरळ करण्यात जातो. कोणीतरी कळकळीने लेख लिहिलेला असतो, पण माथ्यावर ‘हरीश्चंद्रगड’ असते. मी तो ‘हरिश्चंद्रगड’कडे स्थानांतरित करतो. जुन्या नावावर आपोआप पुनर्निर्देशन राहते आणि ते नाव टंकणारा वाचक नेमक्या लेखावर पोहोचतो.

इथेच काही संपादकांशी माझा वाद होतो. त्यांना अशुद्ध नाव मुळासकट हटवायचे असते. शुद्धतेची ही आच मलाही आहे. पण वाचक शोधतो तो त्याला येते तसे लिहून. १९६२च्या नियमांआधीच्या पुस्तकांत ‘कवि’ ऱ्हस्वच आहे. ती वाचून वाढलेल्या माणसाला आपण दार का बंद करायचे? ‘पु.ल. देशपांडे’ आणि ‘पु. ल. देशपांडे’ यांत तर फरक फक्त मोकळ्या जागेचा, तरी संगणकाला ती दोन वेगळी नावे.

मागे ऱ्हाइन नदीचा एक दुवा लालच, म्हणजे लेखच नसल्यासारखा, राहत होता. लेख होता, शीर्षक अक्षरन् अक्षर तेच दिसत होते. दोन्ही नावांतले एकेक चिन्ह सुटे करून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त होता. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. ‘ॲ’चीही तीच गत. अशा वेळी चूक लिहिणाऱ्याची नसते, पुनर्निर्देशन मात्र करावेच लागते.

सरसकट मात्र नको. ‘दीन’ला ‘दिन’कडे वळवणे चूकच, कारण दोन्ही आपापल्या जागी खरे शब्द आहेत.

स्थानांतरानंतर मी ‘येथे काय जोडले आहे’ ही त्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांची यादी उघडतोच. जुने पुनर्निर्देशन दुसऱ्या पुनर्निर्देशनाकडे जात असेल, तर वाचक मधल्याच पानावर अडकतो. सॉफ्टवेअर एकाच टप्प्यापर्यंत नेते. सांगकामे (बॉट) अशी दुहेरी पुनर्निर्देशने दुरुस्त करतात, पण तोवर वाचकाला का ताटकळत ठेवायचे?

तुम्हाला चुकलेले शीर्षक दिसले, तर मजकूर उचलून नव्या पानावर चिकटवू नका. त्याने लेखाचा इतिहास मागे राहतो आणि आधी राबलेल्यांचे श्रेय दिसेनासे होते. स्थानांतर करा, ते जमत नसेल, तर लेखाच्या चर्चापानावर दोन ओळी लिहून ठेवा.