मागे आहे त्याने पुढे यावं

सर्च इंजिनच्या पोटात प्रत्येक शब्दापुढे एक यादी असते. तो शब्द ज्या दस्तऐवजांत आहे त्यांचे क्रमांक, चढत्या क्रमाने. कुणी ‘कोकण पाऊस’ शोधलं की दोन याद्यांतले सामाईक क्रमांक काढायचे. माझं बरंचसं काम असल्याच याद्यांशी असतं, आणि ते मला मनापासून आवडतं.

दोन्ही याद्यांच्या सुरुवातीला एकेक बोट ठेवायचं. आकडे सारखे असले तर उत्तरात लिहून दोन्ही बोटं पुढे न्यायची. नसले तर लहान आकड्यावरचं बोट तेवढं सरकवायचं. समजा एकीकडे ३, ८, २१ आहेत आणि दुसरीकडे ८, ९, २१. इथे ३ बिनधास्त सोडता येतो, कारण दुसरी यादीच ८ पासून सुरू होते, पुढे तर सगळे त्याहून मोठेच. एका तुलनेत इतकी पक्की खात्री! नोंदी कोटींच्या घरात असल्या तरी मेमरीत एका वेळी दोनच पुरतात, आणि कुठलीही एक यादी संपली की काम संपलं.

एक यादी ५० नोंदींची आणि दुसरी १० लाखांची असली, तर मोठ्या यादीत एकेक पाऊल टाकत बसणं परवडत नाही. मग १, २, ४, ८ अशा वाढत्या उड्या घ्यायच्या आणि हवा तो आकडा ओलांडला की शेवटच्या उडीच्या टप्प्यातच बायनरी सर्च करायचा. बेंटली आणि याओ यांनी ही पद्धत १९७६ मध्ये मांडली. वेगाचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र त्याआधीची अट जास्त मोलाची वाटते: दोन्ही याद्यांचा क्रम एकच हवा.

आकड्यांत हे आपोआप जमतं, मराठी शब्दांत नाही. आपल्या शब्दकोशात ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, तर युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो. म्हणजे कोशाच्या क्रमाने लावलेली यादी ‘बाहेर, बाळ’ अशी आणि युनिकोडच्या क्रमाने लावलेली ‘बाळ, बाहेर’ अशी. आता तुलना युनिकोडप्रमाणे करून पाहा. ‘बाळ’ लहान, म्हणून दुसऱ्या यादीतलं बोट पुढे जातं. ‘बाहेर’ला ‘बाहेर’ भेटतो, तो उत्तरात जातो. दुसरी यादी संपते. ‘बाळ’ दोन्हीकडे असूनही उत्तरात नाही, आणि कुठे एरर येत नाही की इशारा. आपल्या भाषेतला शब्द असा गुपचूप गळावा, हे मला सहन होत नाही.

म्हणून मी प्रत्येक यादीतली नवी नोंद तिच्याच आधीच्या नोंदीशी ताडून पाहतो, आणि तेही ज्या नियमाने दोन याद्यांची तुलना चालली आहे त्याच नियमाने. नोंदीमागे एक जादा तुलना पडते, ती पडू द्यावी. ‘बाहेर’च्या मागून ‘बाळ’ आला की प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि दोन्ही शब्द ओळ क्रमांकासकट छापतो.