फोटो आमचा, तक्रारही आमच्यावरच

चोरखमारा तलावाच्या पाण्यावर पिकलेल्या धानाचा हातसडीचा तांदूळ आम्ही घरची माणसं एका शॉपिंग साइटवर ऑनलाइन विकतो. दिवाळीच्या तोंडावर अचानक ऑर्डरी आटल्या. आमच्याच लिस्टिंगला एक अनोळखी विक्रेता चिकटला होता आणि भाव थोडा पाडून ऑर्डरी स्वतःकडे वळवत होता. फोटो आमचे, वर्णन आमचं, कमावलेलं नावही आमचं. पाकिटात मात्र गिरणीचा पॉलिश तांदूळ. फसलेले ग्राहक राग काढत होते आमच्यावर.

आम्ही हरकत घेतली, तर त्यानेच फोटो आपला असल्याचं सांगून साइटकडे आमच्यावर कॉपीराइटभंगाची तक्रार ठोकली. साइटने आमचं म्हणणं न ऐकताच लिस्टिंग उतरवलं. हातसडीच्या तांदळावर कोंडा राहतो, म्हणून तो लवकर खवट होतो. पोती घरात अडकली.

त्या फोटोत सुपात तांदूळ पाखडणारे हात माझ्या काकूचे आहेत, मनगटावरचं गोंदण स्पष्ट दिसतं. काकू म्हणाली, "हात माझे, मंग फोटो त्याचा कसा गा?" तिचा प्रश्न हाच आमचा पुरावा ठरला. मोबाइलमध्ये मूळ फोटो तारीख-वेळेसकट होते, त्याच वेळी काढलेले आधीचे-नंतरचेही. त्याच्याकडे होता कडा कापलेला एकच. पाकिटं छापल्याच्या बिलांसह सगळं अपिलाला जोडलं. ठरीव मजकुराची नकारार्थी उत्तरं येत राहिली, आम्हीही पिच्छा सोडला नाही. अखेर लिस्टिंग परत मिळालं.

या धडपडीत कळलेलं सांगतो. फोटोवरचा कॉपीराइट काढणाऱ्याला आपोआप मिळतो, नोंदणीची अट नाही. खोट्या दाव्याच्या धमकीविरुद्ध कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६० खाली न्यायालयात जाता येतं. दुसऱ्याच्या लिस्टिंगला असं चिकटणं म्हणजे त्याच्या नावावर आपला माल खपवणं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये एका कपडे विक्रेत्याच्या प्रकरणात म्हटलं आहे. ब्रँडच्या नावासाठी ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपयांत करता येतो. तांदूळ वर्ग ३० मध्ये येतो.

पण कोर्टाची पायरी चढणं छोट्या विक्रेत्याला परवडत नाही. म्हणून तक्रार आली की लिस्टिंग उतरवण्याआधी साइटनेच दोन्ही बाजूंकडून मूळ पुरावा मागवावा, आणि खोटी तक्रार करणाऱ्याचं खातं बंद करावं. एवढं झालं तरी गावात बसून प्रामाणिक धंदा करता येईल.