हिरड्याच्या गावाला

बाळाला गुटी उगाळून दिली नाही अशी आपल्या पिढीतली आई विरळाच. सहाण स्वच्छ धुवायची, आईच्या दुधाचे चार थेंब घालायचे आणि वेखंड, मायफळ, हिरडा यांचे एकेकाचे मोजके वळसे द्यायचे. (हल्ली डॉक्टर सांगतात, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय दुसरं काहीही देऊ नका. माझ्या सुनेने त्यांचंच ऐकलं आणि बरं केलं.) पण गुटीचा तो डबा माझ्या कपाटात अजून आहे. त्यातला काळा, सुरकुतलेला हिरडा बघून नात विचारती झाली, ‘‘आजी, हे कुठे मिळतं?’’ मी म्हटलं, ‘‘काष्ठौषधींच्या दुकानात.’’ ‘‘आणि दुकानात कुठून येतं?’’

आता काय सांगणार! तीस वर्षं संसार केला, पण हिरड्याचं झाड कधी बघितलं नव्हतं. म्हणून यंदा मे महिन्यात हट्टाने आहुप्याला गेले.

आहुपे हे पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याचं अगदी पश्चिमेचं टोक. पुण्याहून मंचर, तिथून घोडेगाव, आणि पुढे डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने नागमोडी रस्ता. ज्या आंबेगावचं नाव तालुक्याला आहे, ते जुनं आंबेगाव याच धरणाच्या पाण्याखाली गेलं. घोडेगाव सोडलं की चांगले दीड-दोन तास लागतात, आणि वळणं अशी की ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी तोंडात धरावी. दुपारच्या जेवणाचं आधी सांगून ठेवलंत तर गावात एखाद्या घरी भाकरी-पिठलं मिळतं. पाणी मात्र घरूनच न्या. उन्हाळ्यात तिथल्या बाईने डोक्यावरून आणलेलं पाणी आपण घटाघटा पिऊन यायचं, हे काही बरं दिसत नाही.

गाव संपलं की समोर एकदम कडाच. खाली कोकण पसरलेलं, मुरबाडकडची खेडी, गोरखगडाचा सुळका. वारा असा की पदर खोचल्याशिवाय उभं राहता येत नाही. आमच्या बरोबरची मंडळी फोटो काढण्यात दंग झाली. मी मात्र उलट्या बाजूला, शेतांकडे वळले.

मे महिन्यात तिथली शेतं म्हणजे नुसती पायऱ्यापायऱ्यांची उघडी जमीन. पण त्या पायऱ्या जवळून बघा हो! उभ्या उतारावर दगडावर दगड रचून ताल घातलेली, त्यामागे माती धरलेली, आणि त्या ओंजळभर मातीत भाताचं खाचर. याला तिथे ‘पडकई’ म्हणतात. चुना नाही, सिमेंट नाही. एका घराने एकट्याने करायचं हे कामच नव्हे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, असं मिळून करायची रीत. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर या दोघांनी ‘शाश्वत’ संस्थेच्या द्वारे या भागात आयुष्यातली कितीतरी वर्षं काढली, ती अशाच कामांसाठी. जिथे खाचर धरत नाही तिथे वर चढत नाचणी आणि वरई. आपल्या उपासाची वरी अशाच उतारावर पिकते, ते मला तिथे कळलं.

खाचरांच्या मधे मधे काळे चौकोन दिसले. मला वाटलं, वणवा लागला असेल. पण तो राब. पाला, शेण, गवत यांचे थर जमिनीवर पसरून उन्हाळ्यात जाळायचे आणि पाऊस पडला की त्याच राखेत भाताची रोपं करायची. त्यासाठी फांद्या लागतात, म्हणून शेताजवळचा ऐन बघाल तर खांबासारखा, वर पानांचा जेमतेम झुपका. हिरड्याला मात्र सहसा कोणी कोयता लावत नाही, कारण तो पैसा देतो.

आणि या सगळ्या तोडल्या-छाटल्या रानाला लागूनच भैरवनाथाची राई उभी आहे.

मैत्रिणींनो, देवराई हा शब्द आपण वाचलेला असतो, पण आत पाऊल टाकल्यावर अंगाला जे कळतं ते वेगळंच. बाहेर दुपारचं ऊन कपाळ भाजत होतं, आणि दहा पावलं आत गेल्यावर माझ्या हातावर गार काटा आला. पायाखाली पाचोळ्याची गादी, वर जांभूळ, आंबा, हिरडा, अंजनी; बुंधे असे की दोघींनी हात धरले तरी वेढा पुरा होणार नाही. माणसाच्या मांडीइतक्या जाड वेली या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या. एक म्हातारं झाड आडवं पडलेलं होतं. किती दिवस झाले कोण जाणे, त्याच्यावर शेवाळ आणि अळंबी उगवली होती. गावातल्या प्रत्येक घरी चूल पेटते, सरपणासाठी बायका मैल मैल फिरतात. पण दाराशी पडलेलं ते लाकूड कोणी उचललेलं नाही. ते देवाचं.

वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या दोघा शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा राया पायी हिंडून पाहिल्या आणि त्यांचं महत्त्व लिहून ठेवलं. भीमाशंकरचं अभयारण्य झालं १९८५ साली. कायदा आला तो तेव्हा. देवाचा धाक त्याच्या कितीतरी आधीपासून राखण करत होता. शेकरू मला दिसली नाही. शेंड्यावरची तिची घरटी तेवढी दिसली, काटक्यांच्या मोठ्या गोळ्यांसारखी.

राईतून बाहेर आले तर एका घराच्या अंगणात हिरडा वाळत पडला होता. झाडावरून उतरवला तेव्हा हिरवागार, कोवळी कैरी असावी तसा. उन्हात सुकत सुकत तो आपल्या डब्यातल्यासारखा काळा होतो. आत बी धरायच्या आधी काढतात तो बाळहिरडा. झाडावर चढून फांद्या झोडायच्या पुरुषांनी, आणि वेचायचं, वाहायचं, वाळवायचं, अवेळी ढग आले की धावत जाऊन गोळा करायचं बायकांनी. पाटीभर ओला हिरडा वाळला की ओंजळभर वाटतो. भात घरी खायला. रोख पैसा म्हणाल तर तो यातूनच. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आलं, त्यात कितीतरी हिरड्याची झाडं उन्मळून पडली आणि फळ झडलं. नुकसानीच्या पैशांसाठी लोकांना पुढे काही वर्षं भांडावं लागलं.

अंगणातल्या आजी हिरडा परतत बसल्या होत्या. मीही पदर खोचून बसले. हाताला तुरट वास लागला. म्हटलं, ‘‘आजी, त्या राईत इतकी मोठी झाडं आहेत. विकली तर गावाला केवढा पैसा मिळेल!’’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांच्या घरातलं माणूस विकायला सांगत होते. म्हणाल्या, ‘‘द्येव उन्हात बसवायचा व्हय, बाई?’’ आणि मग सहज विचारलं, ‘‘तुमच्या गावाला हाय का राई?’’

मी गप्पच बसले. कारण आमच्या सासरच्या गावी राई होती. मी नवी नवरी म्हणून गेले तेव्हा ग्रामदेवतेचं देऊळ लहानसं, कौलारू होतं आणि भोवती वीस-पंचवीस मोठी झाडं. देवळामागच्या झऱ्यावर आम्ही सुना हळदीकुंकवाची भांडी घासत असू. पुढे जीर्णोद्धार निघाला. झाडं विकून काही पैसे उभे राहिले, उरलेले वर्गणीतून. मोठा सभामंडप झाला, गुळगुळीत फरशी झाली, कळस चढला. देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी दगड बसवला, त्यात आमचंही नाव आहे. मी स्वतः घरखर्चातून बाजूला ठेवलेले पैसे दिले होते आणि तो दगड पाहुण्यांना कौतुकाने दाखवलाही होता. आता दुपारी त्या मंडपात बसवत नाही, पत्रा तापतो. झरा माघातच आटतो. त्याचा आणि झाडांचा संबंध आहे, हे तेव्हा एकीच्याही मनात आलं नाही. नाही म्हणायला सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘‘सावली गेली की पाणी जातं.’’ त्या म्हाताऱ्या, त्यांचं कोण ऐकतो!

आजींना मी एवढंच म्हटलं, ‘‘होती.’’ त्यांनी पुढे काही विचारलं नाही. निघताना दोन मुठी हिरडा कागदात बांधून दिला, पैसे घेईनात. मी बळेच हातात ठेवले.

तुम्ही गेलात तर हिरडा तिथेच, वाळवणाऱ्या बाईच्या हातून घ्या. घासाघीस करू नका. राईतून मात्र एक पानसुद्धा आणू नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. मेअखेर आणि जूनच्या आरंभी या रानात काजवे चमकतात, ते बघायला हल्ली फार गर्दी होते. मला विचाराल तर दिवसाउजेडी जावं आणि आवाज न करता फिरून यावं.

घरी आले तर टेबलावर सासरच्या गावाहून आलेलं पाकीट होतं. देवळामागे शिल्लक राहिलेली पाच झाडं काढून तिथे भक्तनिवास बांधायचा आहे, पावतीपुस्तक सोबत जोडलं आहे. पावतीपुस्तक मी परत पाठवलं आणि दिरांना पत्र लिहिलं, की भक्तनिवासाला माझा एक रुपया धरू नका. पण त्या पाच झाडांभोवती दगडी गडगा घालणार असाल तर मागाल तेवढे देईन. दिरांचं उत्तर अजून यायचंय. नात रोज एकदा हिरड्याची पुडी उघडून वास घेते.