वय 12, नाव नाही

अमेरिकेतल्या एका कॉलेजात मी पदवीच्या मुलांना इतिहासाचं संशोधन शिकवतो. सुरुवातीला प्रत्येकाचा विषय आभाळाएवढा असतो. ‘गुलामगिरी आणि राजकारण’ असं काहीतरी. मी म्हणतो, विषय राहू दे, आधी एक पान घेऊन ये.

गेल्या वर्षी एक मुलगी 1860 च्या जनगणनेचं पान घेऊन आली. जॉर्जियातलं. गुलामांची यादी तेव्हा वेगळी करत. मालकाचं नाव ठसठशीत, त्याखाली नुसते रकाने : वय, लिंग, वर्ण. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. 12, स्त्री, काळी.

“प्रोफेसर, हिचं नाव काय असेल?”

1870 च्या जनगणनेत मुक्त झालेल्यांची नावं आली. त्याच काउंटीत तिला 22 वर्षांची एक बाई सापडली. बारा नि दहा बावीस! तिचा चेहरा उजळला आणि मी मनात चरकलो. विद्यार्थी असताना मीही असाच वयाचा हिशेब जुळवून एक माणूस ‘शोधला’ होता. तो निघाला भलताच. गुलामांची वयं बहुधा मालकच सांगत, तीही अदमासानं.

मग तिला फ्रीडमन्स बँकेच्या नोंदवह्या पाहायला लावल्या. मुक्त झालेल्यांसाठी 1865 मध्ये निघालेली ही बँक खातं उघडताना आईबाप, भावंडं, कधी जुन्या मालकाचंही नाव टिपून घेई. 1874 मध्ये ती बंद पडली. लोकांचे पैसे बुडाले, नाती तेवढी कागदावर उरली. तिथं मात्र ही बाई नव्हती.

हिरमुसून ती पुन्हा पहिल्या पानाकडे वळली आणि तिला वेगळाच प्रश्न पडला : नाव लिहायचं नाही, तर मोजायचं कशाला? उत्तर राज्यघटनेत होतं. प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरत. त्या मुलीला मत नव्हतं, पण तिच्या तीन-पंचमांश असण्यानं मालकांच्या राज्याचं वजन वाढत होतं. आभाळाएवढा विषय त्या एका ओळीत मावला.

प्रबंधात ती बावीस वर्षांची बाई आहे, पण तळटीपेत, ‘असू शकेल’ एवढ्याच शब्दांनिशी. मजकुरातली मुलगी मात्र शेवटपर्यंत बिननावाचीच आहे. गुण देताना मी आधी ती तळटीप वाचली.